तांबड्या दोऱ्याची बाटली

८ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण आपल्या घरचा फोन आई स्पीकरवर टाकते आणि मग मी तुझ्याशी बोलतेय की अख्ख्या घराशी, तेच कळत नाही. हे तू एकटीने वाच.

कांजिण्या गेल्या. या वयात कांजिण्या म्हणजे हसं होण्याचंच काम. वसतिगृहातल्या मुली दाराशी डबा ठेवून पळत सुटायच्या. कपाळावर चार खड्डे राहिलेत. आईला सांगू नकोस, नाहीतर ती त्यावर काहीतरी उगाळून पाठवील.

खरी बातमी वेगळीच आहे. मी पाण्यातल्या किड्यांना खायला घालते, एवढंच तुला माझ्या कामाबद्दल माहीत आहे. ते किडे नाहीत, हायड्रा आहेत. नखाएवढासुद्धा नसतो एक. खाली चिकटायचा पाय, वर तोंड, तोंडाभोवती दोऱ्यासारखे हात, संपलं. मेंदू नाही की हाडं नाहीत. खाऊनपिऊन सुखी असला की त्याच्या अंगावर पिल्लू उगवतं. शाळेत आपण ‘मुकुल’ म्हणून पाठ केलं होतं ते हेच. पिल्लू वाढतं, त्याला स्वतःचा पाय फुटतो आणि ते आईपासून सुटून आपल्या वाटेने जातं. एखादं सुटत नाही. आमच्या प्रयोगशाळेत अशांसाठी शनिवारची छाटणी असते. ज्याची पाळी असेल त्याने बारीक पात्याने अडकलेली पिल्लं कापून मोकळी करायची, म्हणजे मोजणीला त्रास नको. आमच्या मार्गदर्शक सरांच्याही सरांच्या वेळेपासून हे चालत आलंय. का, ते कोणी विचारत नाही.

मी कांजिण्यांनी पडले आणि माझ्या बश्यांची छाटणी कोणी केली नाही. परत येऊन बघते, तर एका बशीत सगळेच अडकलेले. आईला पिल्लू, पिल्लाला पिल्लू, एकही सुटायला तयार नाही, नुसती झुडपं झाली आहेत. वहिनी, मी तिथेच स्टूल ओढून भिंगावर वाकले. पिल्लू सुटतं कसं, याच प्रश्नावर माझा प्रबंध आहे, आणि न सुटणाऱ्यांचं अख्खं घराणं माझ्या नाकासमोर होतं. आम्ही दर शनिवारी ते कापून टाकत होतो, मग दिसणार कुठून.

सर म्हणाले, बशी घाण आहे, पाणी बिघडलंय, एप्रिलमध्ये प्रबंध तपासणारी समिती यायच्या आत फेकून दे. मी म्हटलं बघते. मी फेकणार नाही.

आता घरचं. आई म्हणत होती की तू वरची खोली मागते आहेस. वहिनी, एवढं काय नडलंय? तीन माणसांचं घर, त्यात खालचं आणि वरचं कशाला करायचं? दादा बोलत नाही, म्हणून त्याच्या मनात काही नसतं असं नाही. जरा सबुरीने घे.

तुझी,
कांजिण्यांतून उठलेली नणंद


१९ फेब्रुवारी

वन्सं,

पत्र मिळालं. एकटीनेच वाचलं, मोरीत नळ सोडून. दुसरी जागा नाही, आणि माझं मागणं तेवढंच आहे.

तू शिकलीसवरलेली, पण आईंनी फोनवर जे वाढलं ते ताटातलं सगळं निमूट गिळलंस. वरच्या खोलीत मला संसार थाटायचा नाहीये, कामाचं टेबल टाकायचंय. मी कवळ्या कुठे बनवते माहीत आहे ना? स्वयंपाकघराच्या टेबलावर. एका टोकाला पिठाचा डबा, दुसऱ्या टोकाला माझं प्लास्टर. गुलाबी पूड कालवायला जे ओलं औषध लागतं, त्याच्या वासाने आईंचं डोकं दुखतं, आणि ते खरंच दुखतं, मी नाही म्हणत नाही. म्हणून मी काम काढलं की त्या खिडक्या उघडतात, आणि मी जरा उठले की टेबल साबणाने घासून लख्ख करतात. मागच्या महिन्यात एका आजोबांच्या खालच्या जबड्याचा साचा त्यांनी केराच्या टोपलीत टाकला. वाटलं, फुटका चुना आहे. दातांच्या दवाखान्यात मी डॉक्टरांसमोर मान खाली घालून उभी राहिले आणि आजोबा मापासाठी परत मेण चावायला आले.

वरच्या खोलीत काय आहे? तुझी लहानपणची सायकल, मोडका पंखा आणि जुन्या गाद्या. त्यांना खोली आहे, मला नाही. हे मी मागितलं तर मी घर फोडते. तुझा दादा म्हणतो, ‘बघू.’ लग्न झाल्यापासून तो बघतोच आहे.

आणि तू मला सबुरीने घ्यायला सांगतेस. स्वतः मात्र ठरवून मोकळी, की फेकणार नाही. वा गं वा. तुझी बशी ती बशी आणि माझं टेबल म्हणजे आकांडतांडव.

रागावले आहे, पण एक विचारते. ती पिल्लं सुटत का नाहीत? त्या चिकट्यांचं काय बिनसलंय?

तुझी वहिनी


२७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तू झोडपलंस ते बरोबर केलंस. आईचं ऐकून मी तुला शहाणपण शिकवायला निघाले, चुकलंच माझं. ती सायकल भंगारात दे.

चिकट्या हे नाव मी उचललं. आता त्यांचं काय बिनसलंय ते ऐक. पिल्लू आईच्या अंगावर असतं तेव्हा दोघांची कातडी एकच, पोटही एकच. आईने खाल्लेलं पिल्लाला पोचतं. मग एक वेळ अशी येते, की दोघांच्या मध्ये रेघ पडावी लागते. ती रेघ पेशी स्वतःच पाडतात. प्रत्येक पेशीच्या अंगावर खुंटीसारखं काहीतरी असतं आणि शेजारणीच्या अंगावर ती खुंटी अडकायची जागा. हा निरोप लांबून देता येत नाही, अंगाला अंग टेकलेल्या शेजारणीलाच देता येतो. तो पोचला की इकडच्या पेशी ठरवतात आम्ही आईच्या, तिकडच्या ठरवतात आम्ही पिल्लाच्या. मधे स्वच्छ, बारीक कडा तयार होते. त्या कडेवर पिल्लाचा पाय घडतो आणि ते आपोआप सुटतं. कोणी कोणाला फाडत नाही. निरोप मधेच अडवणारं औषध पाण्यात घातलं, की कडा धड पडत नाही आणि पिल्लू अडकून राहतं, हे लोकांनी आधी पाहिलंय. पण माझ्या बशीत कोणी औषध घातलेलं नाही. या घराण्यात ती रेघच पडत नाही, असा माझा दावा आहे.

सरांचा दावा, पाणी घाण. काल त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, परवापर्यंत बशी रिकामी दिसली पाहिजे. म्हणून मी एक उद्योग केलाय. या पत्रामागोमाग तुला खोक्यातून दोन बाटल्या येतील. निळा दोरा बांधलेल्या बाटलीत साधे हायड्रा आहेत, तांबड्या दोऱ्याच्या बाटलीत चिकट्या. दोन्हींना तुझ्याकडचं एकच पाणी, एकच खाणं. निळ्यातली पिल्लं सुटली आणि तांबड्यातली सुटली नाहीत, तर पाण्याला दोष देता येणार नाही. माझ्या हातापासून दूर, दुसऱ्या घरात होणं हेच महत्त्वाचं.

पाणी विकतच्या बाटलीतलं घाल, नळाचं नको. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात कोळंबीची सुकी अंडी मिळतात. मिठाच्या पाण्यात ती फुटली की पिल्लं गाळून, मीठ धुऊन थोडी थोडी घाल. त्यांचं जेवण झालं की पाणी बदल. साबणाचा हातसुद्धा लागू देऊ नकोस, साबणाने ते मरतात. तुझ्या ओल्या औषधाच्या वासापासूनही लांब ठेव. आणि काही झालं तरी कापू नकोस.

वरच्या खोलीत लपव. आईला कळलं तर ती बाटल्या घासून उपड्या टाकील.

तुझी नणंद

ता. क. एक गंमत. हायड्राला उघडं तोंड नसतं. खाणं झालं की कातडी जुळून येते, भोक उरतच नाही. दर वेळी तोंड उघडायचं म्हणजे तिथली कातडी नव्याने फाटावी लागते. कवळ्यावालीला हे सांगायलाच हवं होतं.


११ मार्च

वन्सं,

तोंडाची गोष्ट वाचून मी टेबलाशी बसून राहिले. मग आईंपुढे गेले आणि माझं तोंड उघडलं.

मी म्हटलं, आई, आज माझं टेबल वर जाणार. त्या म्हणाल्या, कोणाला विचारून? मी म्हटलं, विचारून झालंय, वर्षं गेली विचारण्यात, आता सांगते आहे. त्या म्हणाल्या, आज टेबल वर, उद्या चूल वर, परवा मुलगा वर. मी म्हटलं, तुमचा मुलगा कुठे ठेवायचा ते तुम्ही ठरवा, मला टेबल हवंय. आवाज शेजारी ऐकू गेला असेल. पण मी शब्द मागे घेतला नाही. तुझा दादा पेपर वाचत होता. त्याने पेपर घडी करून ठेवला, उठला, टेबलाचा एक कोपरा धरला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, ‘दुसरा धर की.’ एवढंच. पण मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

आता तुझी पंचाईत. टेबल वर म्हणजे वासही वर. तुझ्या बाटल्या वर कशा ठेवणार? घरात बिनवासाची जागा आता एकच, आईंचं स्वयंपाकघर. मी लपवाछपवी केली नाही, कंटाळा आलाय तिचा. बाटल्या त्यांच्या फळीवर ठेवल्या आणि सांगितलं, हे तुमच्या लेकीचं शिक्षण आहे, साबण लावाल तर ते जाईल. त्या माझ्याशी बोलत नाहीयेत, त्यामुळे हो किंवा नाही काही म्हणाल्या नाहीत. पण फळीवरची साबणाची वडी कालपासून मोरीत गेलीये.

दोन्ही बाटल्यांतले जिवंत आहेत. खाणं मी घालते. माझं स्टँडचं भिंग खाली आणलंय. मी वर असले की आई त्यातून बघतात आणि माझी पावलं वाजली की भांडी लावायला लागतात.

तुझी वहिनी


१८ मार्च

वहिनी,

घाईत लिहिते. सरांनी विचारलं, ती न सुटणारी जात नष्ट केली ना? मला खोटं बोलता आलं नाही. बोलायचंही नव्हतं. म्हटलं, इथली तुम्ही फेकायला लावलीत, पण दुसरीकडे आहे, समितीपुढे मी ती मांडणार. त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. घाणेरड्या बशीचा प्रबंध मांडलास तर माझी सही विसर, म्हणाले. मायक्रोस्कोपच्या खोलीची किल्ली काढून घेतली. चार वर्षं गेली आहेत यात, पण सही मागायला मी त्यांच्या दारात नाक घासणार नाही.

मी इथे कपाटात चोरून थोड्या चिकट्या ठेवल्या होत्या. काल कोणीतरी ते कपाट ‘साफ’ केलं. आता त्या फक्त आपल्या घरी आहेत. त्या गेल्या तर समितीपुढे मी नुसती बडबडणारी बाई. त्यांना जप. दोन्ही बाटल्यांचे फोटो पाठव. आणि परत सांगते, कापू नका.

नणंद


३० मार्च

वहिनी,

पत्र का नाही? फोटो का नाहीत? फोन केला तर आई म्हणते ‘सगळं ठीक आहे’ आणि ठेवून देते. आई कधी फोन ठेवते का? वहिनी, मेल्या असतील तर तसं सांग. मी ऐकून घेईन, पण हे असं टांगून ठेवू नकोस.


८ एप्रिल

वन्सं,

आधी बस. मग वाच.

तुझं घाईचं पत्र आलं त्याच दिवशी मी वरून चहाला खाली आले. बघते तर आई माझं बारीक पातं हातात घेऊन भिंगावर वाकलेल्या. तांबड्या बाटलीतले सगळे बशीत. सगळे कापलेले. एकेक पिल्लू वेगळं केलेलं, इतकं नीट, की मी कवळीची कड तासते तेही इतकं नीट नसेल.

मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आई ऐकून घेत होत्या. त्या दिवसापर्यंत त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, तेव्हा बोलल्या. म्हणाल्या, ‘ती खालची आई बघितलीस का? अंगावर पोर, पोराच्या अंगावर पोर. आडवी झाली होती गं ती. वरची खातात आणि ही वाकून पडलेली. किती दिवस बघायचं? म्हटलं, सोडवावं बिचारीला.’

मी म्हटलं, आणि मी टेबल वर नेलं तेव्हा नाही वाटलं सोडवावं?

त्यांनी पातं खाली ठेवलं. मग विचारलं, ‘पोरीचं शिक्षण गेलं का माझ्यामुळे?’ वन्सं, मी तुझ्या आईला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. माझा राग तिथेच निवला.

तुला कळवायचं की नाही, यावर आम्ही दोघी प्रथमच एकमताच्या झालो. नाही कळवायचं. आधी बघायचं. कापलेले तुकडे परत बाटलीत सोडले, तांबडा दोरा बांधला. आई खाणं घालायला लागल्या. मला हातही लावू देईनात, म्हणाल्या, तुझ्या बोटांना औषधाचा वास येतो. सगळे जगले. भरले, लांब झाले. मग एकेकाच्या अंगावर पिल्लू आलं. ते मोठं झालं. आम्ही सकाळ-संध्याकाळ भिंगावर, तुझा दादासुद्धा. निळ्यातली पिल्लं टपाटपा सुटून काचेला चिकटली. तांबड्यातलं एकही सुटलं नाही. आईंनी स्वतःच्या हाताने स्वच्छ सोडवलेल्या प्रत्येकीचं पिल्लू पुन्हा अडकलं.

आई म्हणाल्या, ‘म्हणजे हे पाण्याचं नाही.’ मी म्हटलं, नाही. ‘कापून फायदा नाही म्हणजे. त्यांचं त्यांना जमायला हवं.’ मी म्हटलं, हो.

फोटो सोबत आहेत. दादाने काढलेत, तारीख घालून. मागच्या रविवारी आईंनी वरच्या खोलीसाठी एक लहान शेगडी आणली. म्हणाल्या, चहाला सारखं खालीवर करू नकोस, माझ्या फळीपाशी वास येतो. कारण ते नव्हे, ते आम्हा दोघींनाही ठाऊक आहे.

तुझी वहिनी


२९ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र वाचून मी जिन्यात बसून रडले आणि मग हसले. तुम्ही दोघींनी मला इतके दिवस अंधारात ठेवलंत, याचं उट्टं मी काढणार आहे.

काल समिती झाली. सरांनी ठरवलेली दोन प्रकरणं मांडली आणि मग तिसरं उघडलं. सर मधेच म्हणाले, हा भाग ग्राह्य धरू नये, हे काम प्रयोगशाळेत नव्हे तर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात झालंय. काहीजण हसले. मी म्हटलं, हो, माझ्या आईच्या. बशी घाण म्हणून फेकायला लावली, म्हणून दुसऱ्या घरात, दुसऱ्या पाण्यात वाढवून बघितली. दोन बाटल्या, एकच खाणं. एकीतली सुटतात, दुसरीतली सुटत नाहीत. यात घाण कुठे आहे ते मला दाखवा.

समितीत एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, मधेच सगळी कापलेली दिसतात, ती कोणी कापली? मी म्हटलं, आईने. त्यातून काय निघावं हे तिला माहीत नव्हतं, तिला फक्त दया आली. बाई फोटो पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. मग सरांना म्हणाल्या, तुमच्या शनिवारच्या छाटणीत आजवर असे किती गेले असतील, याचा अंदाज आहे का? सर पाणी प्यायले.

तिसरं प्रकरण प्रबंधात राहणार, असं समितीने लिहून दिलंय. सहीचं अजून अडून आहे. सर आज म्हणाले, सही करतो, पण दोन्ही बाटल्या ताबडतोब प्रयोगशाळेत जमा कर, त्यांची नोंद माझ्या नावावर होईल. मला हे पटत नाही. पिल्लं मी कोणालाही देईन, बाईंना कबूलही केलीत. पण ज्यांनी फेकायला लावली त्यांच्या नावावर? बाटल्या फळीवर आहेत, तेव्हा फळीच्या मालकिणीला विचार. ती म्हणेल ते मी सरांना सांगेन.

तुझी नणंद


४ मे

चि. सौभाग्यकांक्षिणी लेकीला, आईकडून आशीर्वाद.

तुझ्या वहिनीने पत्र वाचून दाखवलं. मी तुला पत्र लिहिलेलं आठवत नाही. फोनवर बोलले असते, पण तुझी वहिनी म्हणते, सरांना दाखवायला कागद बरा.

आम्ही ठीक. तुझी वहिनी वर असते. कामाला जोर आहे, परवा त्या आजोबांची कवळी बसली, ते स्वतः सांगायला आले. चहा ती वर करते. संध्याकाळी खाली येते, मी बोलावलं की आणि न बोलावताही. सकाळी मला जरा सुनं वाटतं, ते खरं आहे. सवय होईल.

फळीवरची मंडळी बरी आहेत. तांबड्या बाटलीतल्या त्या वाकलेल्या आईकडे मी अजून बघू शकत नाही, पण पात्याला हात लावलेला नाही. तिचं तिला जमायला हवं, आणि का जमत नाही हे तू शोधून काढायचं आहेस. मधेच सोडून घरी आलीस तर दार उघडणार नाही.

सरांना माझा निरोप दे. बाटल्या हलणार नाहीत. नाव लागेल ते माझ्या मुलीचं लागेल. चार पिल्लं हवी असतील तर देईन, माणसाने मागितलं तर मी नाही म्हणत नाही. स्वतः बघायला यायचं असेल तर खुशाल यावं, स्वयंपाकघर सकाळी मोकळं असतं. मात्र येताना हाताला साबण लावू नये. माझ्या घरात तो चालत नाही.

आई